घुटमळू नये

अक्षराला बारा रुपये. काना, मात्रा, वेलांटी फुकट,
अनुस्वार तर मी हौसेनं देतो.
ताराबाई पार्कातल्या सोसायटीची भिंत, पिवळ्यावर काळं,
आणि सेक्रेटरी मगदूम साहेबांच्या कागदावर मजकूर:
येथे विनाकारण थांबू नये, बसू नये, रेंगाळू नये,
टेहळणी करू नये, घुटमळू नये.
रात्री दहानंतर आढळल्यास पोलिसांत देण्यात येईल.

मीटिंग भिंतीपाशीच झाली.
कोण तरी म्हणालं, रेंगाळणं नि घुटमळणं एकच की.
दोन नंबरच्या इंगवले बाई म्हणाल्या, एक कसं?
रेंगाळणाऱ्याला जायचंच नसतं.
घुटमळणाऱ्याला जायचं असतं, पाय निघत नाही.
(चौतीस वर्षं मराठी शिकवलंय बाईंनी.)
साहेबांनी बोटांवर मोजलं.
सहा अक्षरं. बाहत्तर रुपये.
खोडलं.

मजकुरात चार ळ होते, राहिले तीन.
मला तेवढंच वाईट वाटलं.
ळ ला घाई चालत नाही,
दोन्ही पोटं सारखी भरली नाहीत
तर अक्षर भिंतीवरून घरंगळतं.

आमच्या पेठेत हा बोर्ड लिहिला असता
तर नुसता वाचायला चाळीसजण थांबले असते,
त्यातले दहा तालमीचे, अंगाची माती न झाडता.
गंगावेशीत दूध पिऊन झालं तरी
माणसं मोकळा ग्लास धरून तासभर उभी.
विचारलं तर ग्लास दाखवतात.

मी शिकलो तोही उभा राहूनच.
टॉकीजच्या मागं पत्र्याचं शेड, आत नागोजी पेंटर,
शिडीवर चढून नटीच्या गालाला गुलाबी लावायचे.
शाळा बुडवून तीन महिने दारात होतो.
काय रे, काय काम, असं एकदाही नाही.
चौथ्या महिन्यात वर न बघता
डबा पुढं केला. धर म्हणाले.

तर साडेसातला शेवटचा पूर्णविराम दिला
आणि पंधरा पावलं मागं आलो.
जवळून अक्षर कळत नाही,
लांब जाऊन डोळे बारीक करावे लागतात.
रेंगाळू बघत होतो.

ओ, काय काम हाय?

नवा वॉचमन, सातापा, राधानगरीकडचा,
ड्युटीवर आत्ताच आलेला, टोपी अजून कडक.
बघतोय म्हटलं.
काय?
बोर्ड.
वाचला न्हवं? मग थांबलाय कशाला?
वही काढली. नाव?
दस्तगीर.
पेन जरासं रेंगाळलं.
पुरं सांगा.
दस्तगीर अमीन मुजावर.
पुढचा रकाना: कारण. चार बोटं रुंद.
पंधरा पावलं मागं येऊन ळ बघत होतो,
हे त्यात बसेना.
माझ्या हाताला काळा रंग, पायाशी डबा, कानावर ब्रश.
कारण म्हणून ते कुणाला दिसेना.
सातापानंच मग सावकाश लिहिलं:
विनाकारन.

पेन मागून घेतलं, न चा ण करून दिला.
बारा रुपये सोडले.

लुना समोरच्या गुलमोहराखाली होती.
किक मारली, लागली नाही.
खरं म्हणजे मारलीच नाही, पाय ठेवला नुसता.
तेवढ्यात फाटकाच्या आत इंगवले बाई आल्या,
हातात ना पिशवी, ना कुत्रं,
आणि भिंतीवर उलटं दिसणार म्हणून बाहेर आल्या,
रस्ता ओलांडून माझ्याशेजारी.
ळ चांगला झालाय, म्हणाल्या.
मधल्याचं पोट जरा...
हो, मी म्हटलं. मधल्याचं.

सातापानं वही उघडली,
बाईंकडं बघितलं, वही मिटली,
आणि हळूच तोही आला बघायला
आम्ही काय बघतोय ते.
रंग वाळायला तास तरी लागणार होता.